३ फुटी टँकला कोणता फिल्टर? टॉप, हँग-ऑन की कॅनिस्टर (मुंबई, पालिकेचं पाणी)

गोडंपाणी (मुलुंड)

नमस्कार मंडळी. ३६ × १५ × १८ इंचांचा टँक बनवून घेतलाय, ८ मिमी काच. मासे असे ठरवलेत: ४ एंजल, १२-१५ टेट्रा, ६ कोरीडोरस. झाडं मोजकीच, लाकडाला बांधलेला अनुबियास आणि जावा फर्न. खाली बारीक रेती, दीड इंच. घरात दीड फुटाचा गप्पींचा टँक स्पंज फिल्टरवर आधीपासून चालू आहे.

दुकानांत तीन सल्ले मिळतात. एक म्हणतो टॉप फिल्टर (टँकच्या वर बसणारा डबा) टाका, तेवढाच पुरतो. दुसरा म्हणतो ताशी ८०० लिटरचा हँग-ऑन (काचेच्या कडेला लटकणारा). तिसरा म्हणतो कॅनिस्टरशिवाय (नळ्यांनी जोडून टँकच्या खाली ठेवायचा बंद डबा) एंजल पाळूच नका. टँक हॉलमध्ये राहणार आणि रात्री हॉलमध्येच झोपणं असतं, त्यामुळे आवाज नको. बजेट फिल्टरपुरतं ६-७ हजार. इन्व्हर्टर नाही. पाणी पालिकेचं, गच्चीवरच्या टाकीतून येणारं. आठवड्याला पाणी बदलायची तयारी आहे, दर आठवड्याला फिल्टर उघडायची नाही. काय घ्यावं आणि का, हे कोणी नीट सांगेल का?

शेवाळ

आधी लिटर मोजू. बाहेरच्या मापाने १५९ लिटर येतात. काचेची जाडी, वर सोडलेली दीड इंच जागा, रेती, लाकूड वजा केलं की प्रत्यक्ष पाणी १२५-१३० लिटर. पुढचे हिशेब १३० धरून करतोय.

खोक्यावरचा 'ताशी इतके लिटर' हा आकडा रिकाम्या पंपाचा असतो. त्यात मीडिया (गाळायचं साहित्य) नाही, नळी नाही, पाणी वर चढवणं नाही. स्पंज, रिंगा (जिवाणूंना राहायला छिद्रं असलेले तुकडे), कापूस भरून दीड-दोन महिने झाले की त्यातलं ५०-६५ टक्केच हातात येतं. एंजल हा संथ पाण्यातला मासा. प्रवाह जोरात असला की कोपरा धरून बसतो, खाणं सोडतो. तुम्हाला प्रत्यक्षात ताशी ५५० ते ६५० लिटर, म्हणजे पाण्याच्या चार-पाच पट, पुष्कळ झाले. म्हणजे खोक्यावर १००० लिटर लिहिलेला कॅनिस्टर.

आता तिन्ही प्रकार तुमच्या घराच्या अंगाने बघू.

टॉप फिल्टरचा पंप टँकमध्येच बुडालेला असतो. त्याची उष्णता पाण्यातच उतरते आणि मे महिन्यात जे पाणी आधीच ३० अंशांना टेकलेलं असतं ते आणखी चढतं. वरचा डबा लाइटची जागा खातो. पाणी उंचावरून पडत असल्यामुळे रात्रभर धो-धो ऐकू येतं. मात्र साफसफाई याच्याइतकी सोपी कशाचीच नाही आणि हवेशी भरपूर संपर्क येत असल्याने ऑक्सिजनही चांगला मिळतो. आवाज चालत असता तर मी याला नाही म्हटलं नसतं.

हँग-ऑनमध्ये मीडियाला जागाच कमी. ८०० लिटरवाल्यातही मूठ-दोन मूठ रिंगा आणि एक कार्ट्रिज मावतं. दुकानदार ते कार्ट्रिज महिन्याला बदलायला सांगतात, म्हणजे अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) खाणारे जिवाणू महिन्याला कचऱ्यात. तिथे कापलेला स्पंज बसवून हा प्रश्न सुटतो, पण दुसरा उरतो. टँकमधलं पाणी बाष्पीभवनाने इंच-दीड इंच उतरलं आणि नेमकी वीज गेली, तर काही मॉडेलं वीज आल्यावर पाणी ओढत नाहीत. पंप कोरडा फिरतो, तापतो आणि इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) जातो. तुम्ही ऑफिसात असलात तर संध्याकाळपर्यंत कळतही नाही.

कॅनिस्टर खाली कपाटात बंद असतो, म्हणून हॉलसाठी हाच. १००० लिटरवाल्यात तीन ट्रे येतात, मीडिया भरपूर मावतं. त्याला साधारण १८ वॉट लागतात, म्हणजे महिन्याला सुमारे १३ युनिट. पाणी आत ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला जाड स्पंज लावला तर डबा तीन-तीन महिने उघडावा लागत नाही.

अंडरग्रॅव्हलचा (रेतीखाली प्लेट बसवायच्या फिल्टरचा) विचारही करू नका. बारीक रेती जाळीतून खाली उतरते आणि प्लेटखाली साठलेला गाळ टँक मोडल्याशिवाय निघत नाही.

एक वेगळीच गोष्ट, पण महत्त्वाची. पाणी, काच, रेती, स्टँड मिळून २०० किलोच्या वर जाईल. टँक खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या रेषेत ठेवा. जुनी इमारत असेल तर आधी इंजिनियरला दाखवा.

पाणथळ

शेवाळ यांचा हिशेब बरोबर आहे, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं. तुमच्या माशांचा भार हलका आहे. १३० लिटरमध्ये ४ एंजल आणि लहान मासे, एवढ्याला दोन मोठे स्पंज फिल्टर अमोनियाच्या बाबतीत पूर्ण पुरे पडतात. कॅनिस्टरचे पैसे तुम्ही पाण्याच्या चकचकीतपणासाठी आणि शांततेसाठी देणार आहात, माशांच्या जिवासाठी नाही. एवढं लक्षात ठेवून कॅनिस्टर घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

पण कॅनिस्टर एकटा ठेवू नका, याबाबत मी आग्रही आहे. कॅनिस्टर हा बंद डबा. वीज गेली की आतल्या जिवाणूंना डब्यातल्या पाण्यात विरघळलेला तेवढाच ऑक्सिजन उरतो आणि तो लवकर संपतो. तीन-चार तासांनी आतलं पाणी कुजायला लागतं. वीज आली की तो डबा आपोआप सुरू होतो आणि ते काळं, वासाचं पाणी थेट माशांच्या अंगावर जातं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा काही उपनगरांत ती यायला संध्याकाळ उलटली होती. अशा दिवशी मासे वीज नसल्याने दगावतात तसेच ती परत आल्यावरही दगावतात. म्हणून तीन तासांपेक्षा जास्त खंड पडला की कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवायचा. वीज आल्यावर आतलं पाणी मोरीत ओतायचं, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून घ्यायचं आणि मगच चालू करायचं.

स्पंजला हा त्रास नाही, तो उघड्या पाण्यात बसलेला असतो. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मोबाइलच्या पॉवर बँकेला लावला तर १०,००० मिलिअँपिअरची बँक दिवसभर सहज पुरते. घेताना एवढं तपासा: काही पॉवर बँका इतका कमी करंट ओढला की 'काही जोडलेलंच नाही' असं समजून अर्ध्या-एक मिनिटात बंद पडतात. आजच तुमची बँक लावून तासभर बघा. वीज गेल्यावर हा शोध लागायला नको.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, कारण पंप थांबला की पाणी नळीतून उलटं खाली येतं आणि पंपातून बोर्डात जातं. आवाजासाठी: पंप लाकडावर ठेवू नका, जाड फोमच्या तुकड्यावर ठेवा. जो घुर्र आवाज येतो तो बहुतेक वेळा पंपाचा नसून खालच्या फळीचा असतो.

सायफन_दादर

फिल्टर कोणताही घ्या, मुंबईत तो बंद पडतो तो पाण्यामुळे, याकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो.

आपलं पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या तलावांचं, म्हणजे पावसाचं साठलेलं मऊ पाणी. एंजल आणि टेट्रांना ते मानवतं. फिल्टरमधल्या जिवाणूंचं मात्र तसं नाही. अमोनियाचं नायट्रेट करताना ते पाण्यातला क्षार, म्हणजे केएच (कार्बोनेटचं प्रमाण, मोजायचं एकक डीकेएच), खर्ची घालतात. २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया पचवायला साधारण पाऊण डीकेएच जातो. पाण्यात मुळात दोन-तीनच डीकेएच असेल, तर टँक सायकल करताना (मासे टाकायच्या आधी अमोनिया घालून फिल्टरमध्ये जिवाणू वाढवताना) अमोनियाचे चार-पाच डोस होईपर्यंत सगळं संपतं, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू मंदावतात. सहाच्या आसपास जवळजवळ थांबतातच. मग माणूस फिल्टरला दोष देतो, नवा आणतो, त्याचंही तेच होतं.

म्हणून केएचचं थेंबवालं टेस्ट किट अमोनियाच्या किटइतकंच गरजेचं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मोजा. ३ च्या खाली आलं तर खायचा सोडा घाला: लिटरमागे ३० मिलिग्रॅमने १ डीकेएच वाढतो, म्हणजे तुमच्या १३० लिटरला ४ ग्रॅम. सपाट छोटा चमचा सुमारे ५ ग्रॅमचा भरतो. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको. टँकमध्ये मासे असतील तर एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. ३ ते ४ वर ठेवलं की काम झालं. कायमचा उपाय म्हणून कॅनिस्टरच्या एका ट्रेत जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवा, पाणी आंबट झालं की तो हळूहळू विरघळत राहतो.

सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत असेल तर त्या दिवसाचं पाणी आधी मोजा. बोअरचं असलं तर कडक निघतं आणि वरचा सगळा हिशेब उलटतो.

क्लोरीनसाठी हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला १ ग्रॅम. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त आला तर दीड ग्रॅम. आणि औषध बादलीत घालून मग ते पाणी टँकमध्ये, आधी पाणी मग औषध असं नाही.

सायकलिंगसाठी तुमच्याकडे चालू स्पंज आहे, हे फार मोठं भांडवल. तो पिळून त्याचं पाणी ओतण्यापेक्षा स्पंजच नव्या टँकमध्ये बसवा, मात्र गप्पींकडे आधी दुसरा स्पंज महिनाभर जोडीने चालवून मगच. घाई असेल तर जुन्या स्पंजचा एक तृतीयांश भाग कापून कॅनिस्टरच्या पहिल्या ट्रेत ठेवा. अमोनियासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड, १३० लिटरला पाऊण ग्रॅम, त्याने २ पीपीएम होतं. कल्हईचा नवसागर म्हणजे हेच रसायन, पण तो शुद्ध नसतो, तो वापरू नका. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या दर्जाचं मिळतं. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला टप्पा) दोन्ही शून्यावर यायला लागले की टँक तयार. जुन्या स्पंजसकट हे दोन आठवड्यांत होऊ शकतं, कोऱ्या फिल्टरला चार ते सहा आठवडे लागतात. मासे भरायच्या आधी निम्म्याहून जास्त पाणी बदला, नायट्रेट खाली येतं.

आधी टेट्रा, मग कोरीडोरस, शेवटी एंजल. टेट्रा निऑन घेऊ नका, मोठे झालेले एंजल ते गिळतात.

गोडंपाणी (मुलुंड)

सगळ्यांचे मनापासून आभार. १००० लिटरचा कॅनिस्टर आणि सोबत एक मोठा स्पंज, असं ठरवलं. नळाचा केएच मोजला, २ आला.

आता बसवण्याबद्दल. स्टँड ३० इंच उंच आहे, कॅनिस्टर त्याच्याच कपाटात खाली. मीडियाचा क्रम काय ठेवू? सोबत काळा कोळसा आलाय तो टाकू का? आणि ९ वॉटच्या यूव्ही (अतिनील) दिव्याचा कॅनिस्टर घ्यावा का? थोडाच महाग आहे.

शेवाळ

बहुतेक कॅनिस्टरांत पाणी वरून खाली तळाशी जातं आणि ट्रेमधून वर चढतं. म्हणजे पहिला ट्रे सगळ्यात खालचा. तुमचा तसाच आहे का ते झाकण उघडून बघा, कारण क्रम उलटा लागला तर गाळ थेट रिंगांवर बसतो आणि रिंगांची छिद्रं बुजतात.

खालचा ट्रे: जाड स्पंज, २० पीपीआय (इंचात किती छिद्रं), आणि तुमचा जुना कापलेला तुकडा. मधला: रिंगा किंवा दुसरं बायो मीडिया, एक ते सव्वा लिटर, आधी साध्या पाण्यात चांगलं धुऊन, पांढरी भुकटी जाईपर्यंत. वरचा: ३० पीपीआय स्पंज, शिंपल्यांची पिशवी, सगळ्यात वर कापसाचा पातळ थर. कापूस दाबून भरू नका. दाबून भरला की पाणी मीडियातून न जाता ट्रेच्या कडेने वाट काढतं. बाहेरून प्रवाह जोरदार दिसतो आणि गाळणं काहीच होत नाही.

कोळसा नको. तीन-चार आठवड्यांत त्याची ताकद संपते आणि त्याची जागा मीडियाला मिळालेली बरी. जपून ठेवा, औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला लागेल.

यूव्हीने पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ जातं. काचेवरचं आणि पानांवरचं जात नाही. सतत चालवला तर वर्षभरात दिव्याचा जोर ओसरतो, दिसायला मात्र तो निळा पेटलेलाच असतो. तुमचा टँक खिडकीच्या उन्हात नसेल तर ते पैसे टेस्ट किटवर घाला.

बसवताना नळ्या लागतील तेवढ्याच ठेवा. कपाटात लोंबती वेटोळी राहिली तर त्यांत हवा अडकते, पंप गुरगुरतो आणि प्रवाह पडतो. कॅनिस्टर पाण्याच्या पातळीच्या खालीच हवा, हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत. पहिल्यांदा डबा पाण्याने भरूनच झाकण लावा, नळ्या जोडा, सायफन धरू द्या (पाणी आपोआप खाली उतरू द्या), आणि मगच बटण. चालू झाल्यावर डबा हळूच डावी-उजवीकडे कलवा, आत अडकलेले बुडबुडे निघतात. एक-दोन दिवस थोडा खुळखुळ आवाज येतो, तो त्याच हवेचा.

झाकणाच्या रबरी रिंगवर रेतीचा एक कण राहिला तरी गळती. ती बोटाने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, काही रबर त्याने फुगतं. डबा एका पसरट टबात ठेवा, दोन दिवस टबात टिश्यू पेपर टाकून ठेवा. थेंबभर गळालं तरी लगेच कळतं. पाणी आत सोडणाऱ्या पाइपला पातळीच्या अर्धा इंच खाली बारीक भोक पाडा. खालून कधी नळी सुटली तर त्या बाजूने उलटं येणारं पाणी तिथे हवा शिरून थांबतं. आत ओढणाऱ्या बाजूला असं भोक चालत नाही, पंप हवा ओढेल. म्हणून त्या पाइपचं तोंड तळाला न टेकवता टँकच्या मध्यावर ठेवा, निदान निम्मं पाणी तरी माशांसाठी टँकमध्ये राहील.

वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच टपकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी तो बसवा. पाण्यात हात घालायचा असतो आपल्याला.

प्रवाह मोजायचा तर बाहेर येणारी नळी पाण्याच्या पातळीच्या उंचीवरच धरून १ लिटरचं भांडं भरा. ६ सेकंदांत भरलं तर ताशी ६०० लिटर. बादली जमिनीवर ठेवून मोजू नका, उतारामुळे पाणी जास्त येतं आणि आकडा फसवा निघतो. पहिल्या दिवशीचा आकडा टँकच्या मागे चिकटवून ठेवा. तो एक तृतीयांशाने पडला की डबा उघडायची वेळ झाली.

आणि पाणी सोडणारा पाइप मागच्या काचेला समांतर, आडवा, छिद्रं पातळीच्या किंचित खाली काचेकडे वळवलेली. पाणी काचेवर आपटून पसरतं, पृष्ठभाग हलता राहतो आणि एंजलना धक्का बसत नाही.

पाणथळ

एक जोड देतो. तोंडाचा स्पंज दर आठवड्याला पाणी बदलताना काढा. काढताना तो पिशवीत धरून काढा, नाहीतर साठलेला गाळ परत टँकभर होतो. त्याच बादलीतल्या टँकच्या पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही. एवढं केलंत तर आतला डबा तीन महिन्यांनी उघडला तरी चालेल. उघडाल तेव्हा रिंगा आणि आतले स्पंज एकाच दिवशी धुऊ नका, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. इम्पेलर मात्र दर वेळी काढून जुन्या टूथब्रशने साफ करा. त्याचा बारीक सिरॅमिक दांडा बाजूला वाकवून ओढला की मोडतो, सरळ वर काढा.

केएच २ आलाय, तर मासे टाकायच्या आधीच दोन डीकेएच वाढवून घ्या, म्हणजे ८ ग्रॅम सोडा. टँक रिकामा असताना एकदम घातला तरी चालतो. नंतर दर पाणीबदलाला जेवढं नवं पाणी तेवढ्याच प्रमाणात, ४० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. सुरुवातीचे दोन महिने केएच आणि पीएच आठवड्याला लिहून ठेवा. शिंपल्यांचा चुरा किती काम करतोय ते त्या वहीतूनच कळेल आणि सोडा कमी करता येईल.